४१ रेपो मित्राच्या खात्यातून कंपनीच्या खात्यात हलवायचे आहेत, स्क्रिप्टने करावेत का?

उद्यमनगरी | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी.

आम्ही पाच जण कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात फौंड्रीवाल्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. हीट (भट्टीत एका वेळी वितळवलेला धातू) नंबरची नोंद, स्पेक्ट्रोमीटरवरून येणारं केमिकल (धातूतल्या घटकांचं प्रमाण), मोल्डिंगचा हिशोब, वजनकाट्याची पावती अशी कामं. २०१७ ला सुरुवात केली तेव्हा कंपनी नव्हतीच. दोघं मित्र, एक लॅपटॉप आणि एका फौंड्रीमालकांनी विश्वासानं दिलेलं पहिलं काम. गिटहबवर (कोड ठेवायची ऑनलाइन जागा) खातं मित्राचं होतं म्हणून कोड तिथं ठेवला, आणि मग तिथंच ठेवत गेलो. आज त्याच्या वैयक्तिक खात्यात ४१ रेपो (एकेका प्रकल्पाचा कोड आणि त्याचा इतिहास ठेवायची जागा) आहेत, सगळे प्रायव्हेट.

मित्र आता पुण्याला चाललाय. घरची कारणं आहेत, आमच्यात काही वाकडं नाही. उलट त्यानंच विषय काढला. म्हणाला, "जायच्या आधी सगळं कंपनीच्या नावावर करून घे. उद्या माझं खातं अडकलं तर तुमची कामं थांबायला नकोत." कंपनीची ऑर्गनायझेशन, म्हणजे सामाईक खातं, गिटहबवर काढून ठेवली आहे. महिनाअखेर ही त्याची शेवटची तारीख.

एक रेपो हातानं हलवून बघायला बसलो होतो. सेटिंग्जमध्ये पार खाली 'डेंजर झोन', तिथं ट्रान्सफर, मग नव्या मालकाचं नाव, मग रेपोचं पूर्ण नाव टाईप करून खात्री. लाल चौकट बघून हात थांबला, परत आलो. असं ४१ वेळा करताना एखादं नाव चुकणार, एखादा रेपो राहणार. म्हणून एपीआयवरून (प्रोग्रामनं थेट गिटहबला विनंती करायची सोय) स्क्रिप्टनं करावं असं मनात आहे.

खरी काळजी वेगळी आहे. गोकुळ शिरगाव, शिरोली आणि कागल मिळून २३ मशिनी आहेत, म्हणजे फौंड्रीत मेल्टिंगच्या केबिनमध्ये ठेवलेले छोटे कॉम्प्युटर. त्या रोज पहाटे ३ वाजता जुन्या पत्त्यावरून गिट पुल करतात, म्हणजे नवा कोड ओढून घेतात, आणि रेपोतलीच एक अपडेट स्क्रिप्ट चालवतात. पत्ता बदलला तर त्यांचं काय होईल? आणि इश्यू (नोंदवलेल्या अडचणी), पुल रिक्वेस्ट (कोड बदलांचे प्रस्ताव), जुन्या चर्चा राहतात का? आठ वर्षांत कुठल्या फौंड्रीनं काय अडचण सांगितली, हे सगळं त्या इश्यूंत आहे. कोडपेक्षा ते गेलं तर मला जास्त लागेल.

कुणी हे केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.


पाचगावचा_भाऊ | सोमवार, रात्री १०:०५

भावा, ४१ च हायत न्हवं? दोघं बसा, एकानं वाचायचं, दुसऱ्यानं टाईप करायचं. दोन तासांत होईल. स्क्रिप्टनं चूक केली तर ती ४१ जागी एकदम करती, एवढं ध्यानात ठेव.


गडहिंग्लजकर | मंगळवार, सकाळी ७:५०

@उद्यमनगरी, मी हे दोनदा केलं आहे, त्यामुळे जरा लांबण लावतो.

आधी मनावरचं ओझं उतरवतो. इश्यू, पुल रिक्वेस्ट, विकी, स्टार, वॉचर सगळं रेपोबरोबर जातं. वेबहुक (बदल झाला की बाहेर जाणारी सूचना), सिक्रेट (साठवलेले पासवर्ड) आणि डिप्लॉय की (एका रेपोपुरती किल्ली) सुद्धा रेपोला चिकटून राहतात. कमिटवरची (नोंदवलेल्या प्रत्येक बदलावरची) नावं तशीच राहतात, तुमच्या मित्राची आठ वर्षांची मेहनत त्याच्याच नावानं दिसत राहील.

आता एपीआय. रेपोच्या पत्त्यापुढे 'ट्रान्सफर' लावून एक पोस्ट विनंती करायची. त्यात नव्या मालकाचं खातं एवढंच सक्तीचं असतं. हवं असल्यास नवं नाव आणि ऑर्गनायझेशनमधल्या टीमचे क्रमांक देता येतात. विनंती करणाऱ्याला रेपोवर अ‍ॅडमिन हक्क पाहिजे, आणि समोरच्या ऑर्गनायझेशनमध्ये रेपो तयार करायची परवानगी पाहिजे. म्हणजे टोकन (पासवर्डऐवजी स्क्रिप्टला द्यायची किल्ली) मित्राचं लागणार, आणि काम होईपर्यंत मित्राला तुमच्या ऑर्गनायझेशनचा सदस्य करावं लागणार. तसं केलं की ट्रान्सफर लगेच सुरू होते. हेच एका माणसाच्या खात्यातून दुसऱ्या माणसाच्या खात्यात असेल तर नव्या मालकाला मेल जातो आणि त्यानं एका दिवसात होकार द्यावा लागतो, नाहीतर विनंती बाद. सातबाऱ्यावर फेरफार धरला की हरकतीला १५ दिवस तरी मिळतात. इथं एकच.

बऱ्याच जणांची फसगत होते ती उत्तराच्या कोडवर. विनंती गेली की २०२ येतो. २०२ म्हणजे 'काम घेतलं', 'काम झालं' नव्हे. ट्रान्सफर मागच्या मागे चालू असते, आणि त्या उत्तरात रेपोचा मालक अजून जुनाच दिसतो. माझी पहिली स्क्रिप्ट ते बघून 'झालं नाही' समजली आणि परत परत विनंत्या करत बसली. प्रत्येक रेपोला एक संख्या असते, आयडी. मालक बदलला तरी ती बदलत नाही. सुरुवातीला ४१ आयडी एका फाईलीत लिहून ठेवा, आणि ट्रान्सफरनंतर त्या आयडीनं रेपो मागवून मालक कोण आहे ते बघा. नावानं तपासू नका, कारण जुनं नाव विचारलं तरी गिटहब तुम्हाला नव्या जागी नेऊन सोडतं आणि दोन्ही वेळेला उत्तर बरोबरच वाटतं.

दोन कारणांनी नकार येतो. समोर त्याच नावाचा रेपो आधीच असेल तर, किंवा त्याच रेपोचा फोर्क (स्वतंत्र नक्कल) समोरच्या खात्यात असेल तर. ऑर्गनायझेशन उघडल्यावर उत्साहात कुणी एखादा फोर्क मारून ठेवला आहे का बघा.

वेग: दोन विनंत्यांमध्ये किमान एक सेकंद थांबा, गिटहबचीच तशी सूचना आहे. तुमच्या आकड्याला मी पाच सेकंद थांबेन. घाई कसली आहे?

आता २३ मशिनी. जुन्या पत्त्यावर क्लोन, फेच, पुश (कोड घेणं किंवा चढवणं) काहीही केलं तरी गिटहब नव्या पत्त्याकडे वळवतं. म्हणजे पहाटेचं पुल चालू राहील. पण एक अट आहे आणि ती भिंतीवर लिहून ठेवा. जुन्या खात्यात त्याच नावाचा नवा रेपो किंवा फोर्क तयार झाला की ते वळण कायमचं जातं. नंतर तो रेपो पुसला तरी परत येत नाही.


शिरोली_नाका | मंगळवार, सकाळी ११:१५

आमच्याकडे रेपो टेराफॉर्मनं (मांडणी फाईलीत लिहिली की तशी घडवणारं साधन) सांभाळतात, म्हणून थोडं घालतो. ट्रान्सफर करायच्या आधीच कॉन्फिगमध्ये मालक बदलू नका. टेराफॉर्मला नव्या मालकाकडे तो रेपो दिसत नाही, मग तो त्या नावानं कोरा रेपो तयार करायला निघतो. तो झाला की खरी ट्रान्सफर नाव अडल्यामुळे होत नाही. आणि रेपोचा रिसोर्स डिस्ट्रॉय झाला तर गिटहबवरचा रेपो खरोखर पुसला जातो. प्रिव्हेंट डिस्ट्रॉय (पुसायला बंदी) लावल्याशिवाय प्लॅन (काय बदलेल त्याची यादी) सुद्धा चालवू नका, आणि प्लॅनमध्ये 'डिस्ट्रॉय' शब्द दिसला तर तिथंच थांबा.


राजारामपुरी_आठवी | मंगळवार, दुपारी २:३०

गडहिंग्लजकर दादांनी काय काय जातं ते छान सांगितलं. मी काय जात नाही ते सांगते, कारण माझी एक अख्खी रात्र त्यात गेली आहे.

आधीच्या नोकरीत आम्ही एक रेपो एका ऑर्गनायझेशनमधून दुसरीत नेला. संध्याकाळी ट्रान्सफर झाली, टेस्ट चालल्या, सगळं हिरवं. रात्री ११ वाजता ग्राहकाचा फोन आला की आजचा बदल आलेला नाही. बघितलं तर डिप्लॉयची (नवा कोड सर्व्हरवर चढवायची) एकच पायरी अडकली होती. एडब्ल्यूएस (भाड्याचे सर्व्हर) आत घेत नव्हतं. आम्ही पासवर्ड न ठेवता ओआयडीसीनं जात होतो, म्हणजे आपोआप कामं चालवणारं गिटहब अ‍ॅक्शन्स दर वेळी एक छोटं ओळखपत्र देतं आणि एडब्ल्यूएस ते बघून दार उघडतं. त्या ओळखपत्रावर लिहिलेलं असतं मालकाचं नाव, तिरकी रेघ, रेपोचं नाव. रेपो हलला, ओळखपत्रावरचं नाव बदललं, आणि पलीकडच्या ट्रस्ट पॉलिसीत (कुणाला दार उघडायचं त्या नियमांत) जुनंच राहिलं. गिटहबचं वळण तिथं कामाचं नाही, कारण तिथं पत्त्यावर कुणी जातच नाही, नाव अक्षराला अक्षर लावून बघतात. त्या दिवसापासून मी ट्रान्सफरच्या आधी सगळीकडे जुनं नाव शोधते. फक्त रेपोत नाही, बाहेरच्या प्रत्येक जागी.

तुमच्या बाबतीत बघायच्या गोष्टी. कंटेनर इमेज (चालवायला तयार बांधलेला प्रोग्राम) गिटहबच्या रजिस्ट्रीत ठेवल्या असतील तर त्या मित्राच्या खात्यातच राहतील, आणि रेपोशी जोडलेलं नातं सुटेल. नव्या पत्त्यावर परत पुश कराव्या लागतील. गिटहब पेजेसवर (रेपोतून तयार होणारी वेबसाइट) काही असेल तर त्या पानाचा पत्ता वळवला जात नाही. कोडओनर्सच्या फाईलीत (कुठला कोड कुणी तपासायचा त्या यादीत) ज्यांची नावं आहेत त्यांना नव्या जागी लिहायचा हक्क आहे ना, ते बघा. मित्राचं खातं पैसे भरून घेतलेलं असेल आणि ऑर्गनायझेशन फुकटातली असेल, तर प्रायव्हेट रेपोवरचं ब्रांच प्रोटेक्शन (मुख्य कोड बदलण्यावरचे निर्बंध) जाईल. एका ऑर्गनायझेशनमधून दुसरीत जाणाऱ्यांसाठी आणखी एक: टीम आणि ऑर्गनायझेशन पातळीवरची सिक्रेट मागेच राहतात, कारण ती रेपोची नसतातच.

आणि दादा, एक प्रश्न. २३ मशिनी आत शिरतात त्या कुणाच्या किल्लीनं?


उद्यमनगरी | मंगळवार, रात्री ८:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. दुपारभर तुमची उत्तरं छापून टेबलावर ठेवली होती.

@गडहिंग्लजकर, तुम्ही म्हणालात तसं एक फोर्क निघालाच. आमच्या नव्या मुलानं शिकण्यासाठी घेतला होता. त्याला विचारून काढला.

@राजारामपुरी_आठवी ताई, प्रश्न नेमका जिथं दुखतं तिथं विचारलात. २३ मशिनींवर एकच एसएसएच की आहे आणि ती मित्राच्या खात्यात जोडलेली आहे. २०१८ मध्ये पहिली मशीन बसवली तेव्हा केलं, मग प्रत्येक नव्या मशिनीवर तीच कॉपी करत गेलो.


राजारामपुरी_आठवी | मंगळवार, रात्री ८:४५

मग हे ट्रान्सफरइतकंच मोठं काम आहे, ते मागं टाकू नका. त्या २३ पैकी एक कॉम्प्युटर कुणी उचलून नेला तर त्याच्या हातात मित्राचं सगळं खातं वाचायची आणि त्यात लिहायची किल्ली जाते. मित्राच्या पुण्याच्या कामाचे रेपो पुढे त्याच खात्यात आले तर तेही. हा त्याच्यावर अन्याय होईल. सध्या मित्राला नव्या जागी वाचायचा हक्क द्या म्हणजे पुल चालू राहतील, आणि महिनाअखेरीच्या आत प्रत्येक मशिनीला स्वतःची वाचण्यापुरती डिप्लॉय की करा. लक्षात ठेवा, एक डिप्लॉय की एकाच रेपोला लावता येते. एका मशिनीला तीन रेपो लागत असतील तर तीन किल्ल्या.


कळंबा_रोड | बुधवार, सकाळी ९:१०

एकदम ४१ नको. ज्यावर कुणी अवलंबून नाही असा एक रेपो आधी हलवा आणि एक पहाट जाऊ द्या.

आणि टोकनबद्दल. हे काम अ‍ॅक्शन्सच्या आत मिळणाऱ्या आपसूक टोकनानं होत नाही, त्याला रेपोच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचा हक्क देताच येत नाही. मित्राचं वैयक्तिक टोकनच लागेल. ते त्याच्याच लॅपटॉपवर, त्याच्यासमोर वापरा, एका दिवसाची मुदत घाला, आणि काम झालं की त्याच्या हातानं रद्द करा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून घेऊ नका.


उद्यमनगरी | रविवार, दुपारी ४:००

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

बुधवारी रात्री एक रेपो हलवला, गुरुवारी पहाटेचं पुल व्यवस्थित झालं. शुक्रवारी ४१ च्या ४१ रेपोंत जुनं नाव शोधलं. १७ जागी सापडलं, त्यातल्या तीन सबमोड्यूलच्या (रेपोत जोडलेल्या दुसऱ्या रेपोच्या) फाईली. सगळं बदललं.

काल शनिवारी रात्री १० वाजता मित्र आणि मी ऑफिसात बसलो. स्क्रिप्ट ६० ओळींची. आयडी वाचायचा, विनंती करायची, आयडीनं मालक तपासत राहायचं, मालक बदलला की वहीत टिक लावल्यासारखी फाईलीत नोंद, मग पुढचा. ४० रेपो २० मिनिटांत गेले. एकही अडला नाही. मित्रानं टोकन रद्द केलं. त्याचं खातं रिकामं झालेलं बघताना दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही. मग खाऊन घरी गेलो.

आज सकाळी ९ वाजता कागलच्या एका फौंड्रीतून मेल्टिंग सुपरवायझर काकांचा फोन. "साहेब, काल सांगितलं होतं सकाळपर्यंत सीई बरोबर दिसंल. अजून तेच हाय."

सीई म्हणजे कार्बन इक्विव्हॅलंट. कार्बन अधिक, सिलिकॉन आणि फॉस्फरसच्या बेरजेचा तिसरा हिस्सा. आमच्या स्क्रीनवर फॉस्फरस धरायचा राहिला होता. काकांनी तो कागदावर काढून पकडला होता: कार्बन ३.४०, सिलिकॉन २.१०, फॉस्फरस ०.०६, म्हणजे ४.१२ यायला पाहिजे, स्क्रीन ४.१० दाखवते. दुरुस्ती शनिवारी संध्याकाळी रेपोत गेली होती, पहाटे मशिनीवर पोचायची होती. मशिनीत दूरून शिरून बघितलं तर पुलनं सांगितलं होतं की ज्या मेन ब्रांचमधून (कोडाच्या मुख्य शाखेतून) घ्यायचं ती समोर नाहीच. मेन ब्रांच नाही? रेपो जुन्या पत्त्यावर उघडला. कोरा. आदल्या रात्री १:३० वाजता तयार झालेला.

ऑफिसच्या कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर आहे. २०१८ मध्ये आम्ही त्यावर आधी कोड ठेवायचो, आणि रात्री १:३० ला एक स्क्रिप्ट तो गिटहबवर चढवायची. नवा प्रकल्प सुरू केला की हातानं रेपो काढायला नको म्हणून तिला शिकवलं होतं: मित्राच्या खात्यातल्या रेपोंची यादी घे, आपल्या फोल्डरचं नाव यादीत नसेल तर त्या नावाचा रेपो तयार कर. त्यात मित्राचं मुदत नसलेलं दुसरं टोकन होतं. तिथं कोड ठेवणं आम्ही कधीच सोडलं, स्क्रिप्ट मात्र रोज रात्री चालू होती आणि काही बदल नाही म्हणून गप्प बसत होती. काल रात्री तिला यादी रिकामी मिळाली. तिनं सहा फोल्डरसाठी सहा रेपो तयार केले. फोल्डरमध्ये नवा बदल नसल्यामुळे पुश केलंच नाही. सहा कोरे रेपो जुन्या सहा नावांवर बसले, आणि त्यातला एक हीट नोंदीचा, जो २३ च्या २३ मशिनींवर आहे.

गडहिंग्लजकर दादांनी ही एकच अट भिंतीवर लिहायला सांगितली होती. ताईंनी रेपोच्या बाहेर शोधायला सांगितलं होतं. मी रेपोंच्या आत शोधलं आणि खोलीच्या कोपऱ्यात बघितलं नाही. याचं मला फार वाईट वाटतंय. मशिनी बंद पडलेल्या नाहीत, जुना कोड चालू आहे, एकही नोंद गेलेली नाही. पण पुढचा कुठलाच बदल त्यांच्यापर्यंत पोचणार नाही.

जुन्या कॉम्प्युटरची वायर काढली आहे. ते टोकनही मित्रानं रद्द केलं. आता २३ मशिनींचा पत्ता एक एक करून बदलायचा का? सात ठिकाणी दूरून शिरता येत नाही, प्रत्यक्ष जावं लागेल. काकांना मी सांगितलं की आजच्या हीट कागदावर काढा. त्यांनी एका शब्दानं तक्रार केली नाही, म्हणून जास्त लागलं.


पाचगावचा_भाऊ | रविवार, दुपारी ४:२०

भावा, मन लावून घेऊ नको. गाडी हाय माझ्याकडं, शिरोलीच्या मशिनी मी करून देतो. काय टाईप करायचं तेवढं सांग.


कळंबा_रोड | रविवार, संध्याकाळी ५:०५

थांबा, जायची गरज कदाचित पडणार नाही. ते कोरे रेपो पुसू नका, तेच आता उपयोगाचे आहेत.

तुमच्या मशिनी आजही जुन्या पत्त्यावर जाणार, मित्राच्याच किल्लीनं, आणि कोरा रेपो मित्राच्याच खात्यात आहे. म्हणजे त्यात जे ठेवाल ते पहाटे ३ ला मशिनीवर पोचणार. तुम्हीच लिहिलंय की पुलनंतर रेपोतली अपडेट स्क्रिप्ट चालते. मग असं करा. कंपनीच्या रेपोत अपडेट स्क्रिप्टमध्ये दोन ओळी घाला: रिमोटचा पत्ता जुना असेल तर गिट रिमोट सेट-यूआरएलनं नवा कर. हे कमिट आधी कंपनीच्या रेपोत जाऊ द्या, मग तीच मेन ब्रांच जशीच्या तशी जुन्या नावाच्या कोऱ्या रेपोत पुश करा. इतिहास एकच आहे, त्यामुळे मशिनीला ते साधं पुढचं कमिट वाटेल. मर्जचा प्रश्नच नाही. येत्या पहाटे मशिनी जुन्या दारातून दुरुस्ती घेतील आणि उद्यापासून आपसूक नव्या दारात जातील.

बाकी पाच रेपोंनाही तेच करा. सगळ्या मशिनी पोचल्या की जुने सहा रेपो पुसायचे नाहीत, अर्काइव्ह करायचे. वाचता येतात, लिहिता येत नाहीत, आणि नाव मित्राच्याच ताब्यात राहतं.


गडहिंग्लजकर | रविवार, संध्याकाळी ५:४०

कळंबा_रोड यांचा उपाय उत्तम आहे, हाच करा. आधी ऑफिसातल्या एका कॉम्प्युटरवर मशिनीची नक्कल करून बघा, मग पुश करा.

नावाच्या ताब्याचं त्यांनी ओझरतं सांगितलं, ते मी जोर देऊन सांगतो. मित्राला सांगा की गिटहबवरचं खात्याचं नाव बदलू नको आणि खातं बंद करू नको. नाव मोकळं झालं तर दुसरं कुणीही ते घेऊ शकतं, आणि त्याच नावाचा रेपो काढून त्यात हवा तो कोड ठेवू शकतं. ज्या मशिनीवर जुना पत्ता राहिला असेल ती तो कोड निमूट घेऊन चालवेल. आठवड्यात १०० पेक्षा जास्त क्लोन झालेल्या सार्वजनिक रेपोंची जुनी नावं गिटहब खातं बदलताना कायमची बाद करतं, पण तुमचे प्रायव्हेट रेपो त्यात बसत नाहीत. फौंड्रीत १४०० अंशांच्या वर तापलेला धातू ओतायचा निर्णय त्या स्क्रीनकडे बघून होतो. एकाही मशिनीवर जुना पत्ता राहता कामा नये.

ज्या मशिनींवर बरेच रेपो आहेत तिथं गिटच्या कॉन्फिगमध्ये 'इन्स्टेड-ऑफ'चा एक नियम लिहिलात तर त्या खात्याच्या प्रत्येक पत्त्याला नवा पत्ता लागतो. सबमोड्यूल सुद्धा त्यातच येतात.


उद्यमनगरी | मंगळवार, सकाळी ८:३०

रविवारी रात्री ऑफिसात नक्कल केली, चालली. ११ वाजता मित्रानं त्याच्या लॅपटॉपवरून सहाही रेपोंत पुश केलं.

सोमवारी पहाटे मी जागाच होतो. ३ वाजून ४ मिनिटांनी पहिल्या मशिनीची नोंद आली, गोकुळ शिरगावची. नवा पत्ता. मग शिरोलीच्या एकामागून एक आल्या. सकाळपर्यंत २३ पैकी १९. उरलेल्या चार त्या रात्री बंद होत्या. दोन काल दिवसा चालू करून घेतल्या. एक पाचगावच्या भाऊंनी स्वतः शिरोलीला जाऊन केली, त्यांचे उपकार कसे फेडू कळत नाही. राहिली ती कागलची, काकांची.


उद्यमनगरी | गुरुवार, रात्री ९:१५

काल कागलला मी आणि मित्र दोघं गेलो. केबिनमध्ये काकांची वही स्क्रीनच्या शेजारीच उघडी होती. रविवारपासूनच्या प्रत्येक हीटचा सीई त्यांनी हातानं काढून ठेवलेला, खाली रेघ मारून. मित्रानं पत्ता बदलला, पुल केलं, प्रोग्राम परत चालू केला. काकांनी वहीतल्या पहिल्या हीटचे आकडे घालायला लावले. ४.१२. मग दुसरी, मग तिसरी. नऊ हीट त्यांनी तपासल्या, नऊच्या नऊ जुळल्या, तेव्हा कुठं त्यांनी वही मिटली आणि मित्राला विचारलं, "पुण्याला कवा निघालायसा?"

आज दिवसभर डिप्लॉय की करत होतो. १४ मशिनी झाल्या. उरलेल्या उद्या-परवा. त्या संपल्या की मित्र जुनी की स्वतःच्या खात्यातून काढणार आहे. खातं बंद करणार नाही, नाव बदलणार नाही, असं त्यानं मी न सांगताच कबूल केलं. कंटेनर इमेज दोन होत्या, नव्या पत्त्यावर गेल्या.


राजारामपुरी_आठवी | गुरुवार, रात्री ९:३०

छान झालं दादा. जुन्या कॉम्प्युटरची नुसती वायर काढली आहे की ती स्क्रिप्टही काढली?


उद्यमनगरी | गुरुवार, रात्री ९:४५

विचारलंत ते बरं केलंत. नुसती वायर काढली होती. आत्ता ऑफिसला परत येऊन क्रॉनमधली (ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणाऱ्या यादीतली) ओळ काढली, स्क्रिप्ट पुसली, आणि त्यातले सहा फोल्डर एका डिस्कवर घेऊन ठेवले.